पिंपळावरचा मुंजा: शापित झाडांच्या गोष्टी कशातून तयार होतात

गावाबाहेरच्या वाटेवर एखादा जुना पिंपळ असतो आणि त्याच्याबद्दल तीन गोष्टी ठरलेल्या असतात. तिन्हीसांजेनंतर त्याच्याखालून जायचं नाही. त्याची फांदी तोडायची नाही, तोडली तर वर्षाच्या आत घरातलं कोणीतरी जातं. आणि अमावास्येच्या रात्री वारा नसतानाही तो सळसळतो.

या गोष्टी खोट्या म्हणून झटकून टाकाव्यात असं मला वाटत नाही. सळसळ तर अगदी खरी आहे. ‘शापित झाड’ ही एकच गोष्ट वाटते, पण उकलत गेलं तर तिच्यात झाडाचा स्वभाव सापडतो, रात्री हिंडणारे प्राणी सापडतात, कोणाच्या तरी घरातलं जुनं दुःख सापडतं आणि योगायोग लक्षात ठेवण्याची माणसाची सवयही सापडते. हे सगळं वेगळं करून पाहिलं की भीती उतरते, आणि झाडाबद्दलची ओढ मात्र वाढते.

आधी झाडावर राहतं कोण, ते पाहू.

मुंज झाली पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवण्याचा विधी, व्हायच्या आत वारला, असा मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही समजूत देशावर आणि कोकणात सारखीच सापडते. बाळंतपणात गेलेली बाई हडळ किंवा अळवंत होते. सवाष्ण गेलेली जखीण होते. शिकलासवरलेला पण कशात तरी जीव अडकलेला ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो. कोकणात वेशीवर देवचार असतो. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्यांना 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्यांनी अशा लोकसमजुतींची माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून लिहून मागवली होती. त्यांच्यामागे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादित केली आणि कोकणाबद्दलचा भाग 1915 साली छापला गेला. त्यातली भुतांची जंत्री वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. प्रत्येक भूत म्हणजे अर्ध्यावर तुटलेलं आयुष्य आहे. मुलाचं लग्न राहिलं, बाईचं बाळ वाढवायचं राहिलं, विद्वानाची इच्छा राहिली.

तो काळ आठवा. देवीचा रोग आणि पटकी, म्हणजे कॉलरा, यांच्या साथी दर काही वर्षांनी यायच्याच. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात थैमान घातलं, 1918 मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. आठव्या वर्षी थाटात मुंज झालेला मुलगा दहाव्या वर्षी पटकीने दोन दिवसांत जायचा. आईबापांनी त्या दुःखाचं करायचं काय? मग पिंपळाखाली शेंदूर लावलेला एक दगड यायचा, त्याचा मुंजोबा व्हायचा, त्याला दहीभाताचा नैवेद्य जायचा. काही घरांत अजूनही मंगलकार्याच्या आधी मुंज झालेल्या एखाद्या मुलाला बोलावून ‘मुंजा जेवू घालतात’. पुण्याच्या पेठांमध्ये मुंजाबाचा बोळ आजही आहे. गेलेल्या मुलासाठी पंगतीत एक पान राखून ठेवण्याची ही रीत आहे, आणि तिच्याकडे मला अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवावंसं वाटत नाही.

बाळंतपणात गेलेल्या बाईच्या वाट्याला मात्र ही माया फारशी आली नाही. तिला नेताना मागे राळे किंवा मोहरी टाकत जायचं, म्हणजे ती दाणे वेचत बसेल आणि घरी परतणार नाही, अशी रीत होती. सुईणीपलीकडे मदत नाही, रक्तस्राव थांबवायचं औषध नाही, अशा अवस्थेत जी गेली तिलाच गाव घाबरून राहिलं. चिंचेवरची हडळ म्हणून जी गोष्ट आपण मुलांना झोपवताना सांगतो तिच्या तळाशी हे आहे.

आणि मुंजाला राहायला झाड पिंपळच का? कारण तो आधीपासूनच देवाचा. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘सर्व वृक्षांत मी अश्वत्थ’ असं कृष्ण सांगतो. दुसरीकडे पुराणकथेत लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, म्हणजे आपली अक्काबाई, हिला राहायला पिंपळाचीच जागा मिळते. लक्ष्मी तिला भेटायला शनिवारी येते, म्हणून पिंपळाला हात लावायचा तो शनिवारी, इतर वारी नाही. पूज्य आणि भीतिदायक, दोन्ही एकाच बुंध्यात. त्यात पिंपळ तोडत नाहीत, जाळत नाहीत. त्यामुळे नदीकाठी, घाटाजवळ, स्मशानाच्या वाटेवर सगळ्यात जुनं झाड बहुतेक वेळा तोच उरतो.

आता सळसळीकडे येऊ. पिंपळाचं एक पान हातात घेऊन देठाला धरा आणि नुसती फुंकर मारा. देठ लांब, बारीक आणि लवचिक असतो, पातं रुंद असतं आणि टोकाला लांब शेपूट. फुंकरीसरशी अख्खं पातं देठावर डोलतं. आंब्याचं किंवा वडाचं जाड पान इतक्याशा हवेला दाद देत नाही. झाडावर अशी हजारो पानं एकमेकांवर आपटतात तेव्हा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. मग ‘वारा नसताना’ हे कसं? रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन जागच्या जागी बसते. वरच्या थरातली हवा मात्र वाहत राहते. खाली उभ्या माणसाच्या अंगाला झुळूकही लागत नाही आणि साठ फुटांवरची पानं हलत असतात. म्हणजे ज्याने सांगितलं की वारा नव्हता, तो खरंच बोलत होता. तो उभा होता तिथे वारा नव्हता.

पारावर रात्री खडे पडतात, ही दुसरी तक्रार. पिंपळाची फळं पिकली की वटवाघळं येतात. ती फळ चोखतात, चोथा टाकतात, आपसात चिरकतात आणि अर्धी फळं खाली सोडतात. शांत रात्री पारावर ती टपटप पडली की दगड मारल्यासारखी वाटतात. सकाळी जाऊन खाली पाहिलं तर चावलेली फळं सापडतील. जुन्या झाडांना ढोल्या असतात आणि ढोलीत घुबडं. गव्हाणी घुबडाचा चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा असतो, आणि त्याच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्यामुळे उडताना पंखांचा आवाज येत नाही. आवाज नसताना डोक्यावरून काहीतरी पांढरं सरकतं आणि पाठोपाठ एक कर्कश किंकाळी येते. ज्याने हे अंधारात, एकट्याने अनुभवलं आहे त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

‘रात्री झाडाखाली झोपलं की भूत छातीवर बसतं’ याचं एक शास्त्रीय रूपही आपल्याकडे शाळेपासून फिरतं: झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून माणूस गुदमरतो. यातला पहिला भाग बरोबर आहे. झाडही चोवीस तास श्वसन करतं आणि रात्री प्रकाशसंश्लेषण बंद असल्यामुळे त्याच्याकडून कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो. पण तो अख्ख्या विस्तारभर पसरलेल्या पानांतून, उघड्या हवेत मिसळतो. बंद खोलीत चार माणसं रात्रभर झोपतात आणि सकाळी ठणठणीत उठतात. मोकळ्या हवेतल्या झाडाखाली त्याहून वाईट काही होण्याचं कारणच नाही. याच्या उलट, पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा लाडका दावाही टिकत नाही. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात हे खरं, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. छातीवर कोणीतरी बसल्याचा अनुभव येतो तो झोपेतल्या एका अवस्थेमुळे. मेंदू जागा होतो, स्नायू अजून सैल पडलेले असतात, हलता येत नाही आणि भीती दाटून येते. हे पलंगावर, हॉस्टेलमध्ये, विमानातही होतं. झाडाखाली झालं तर दोष झाडावर येतो.

पडक्या वाड्यांच्या भिंतीतून पिंपळ उगवलेला दिसतो आणि लोक म्हणतात, घराला शाप होता म्हणून पिंपळ आला. इथे कारण आणि परिणाम उलटे झाले आहेत. पक्षी पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बारीक बिया वळचणीला, कंगोऱ्याला, पन्हळीच्या कडेला पडतात. पिंपळाच्या रोपाला माती लागतेच असं नाही. चुन्याची फट आणि थोडी ओल पुरते. वाड्यात माणसं राहत असतील तर दर पावसाळ्यानंतर कोणीतरी शिडी लावून ते रोप उपटतं. भाऊबंदकीत दावा लागला, कुलूप पडलं, मंडळी मुंबईला गेली, की उपटणारं कोणी उरत नाही. पाच-सात वर्षांत मुळं फटीत जाडजूड होतात आणि भिंत फोडतात. घर आधी ओस पडतं, पिंपळ नंतर वाढतो. आपण तिथे पोचतो तोवर दोन्ही एकत्र दिसतात आणि गोष्ट तयार होते.

सह्याद्रीत आणखी एक प्रकार आहे, रक्त येणारं झाड. बिबळा नावाच्या झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला की सालीतून तांबडा रस ओघळतो आणि थोड्या वेळाने गोठून काळपट होतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हात खरंच थांबतो. हा झाडाचा डिंकासारखा स्राव आहे. त्यात टॅनिन भरपूर असतं आणि जखमेतून बुरशी, किडे आत शिरू नयेत म्हणून तो तिथे पसरतो. ऐनाच्या खोडात कधी कधी पाणी साठलेलं असतं, घाव घातला की धार लागते. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजलेली लाकडं हिरवट उजेडाने चमकतात, तो बुरशीचा उजेड असतो आणि हाताला गरम लागत नाही. भुतांच्या कोलत्या, म्हणजे जळती लाकडं, पाहिल्याचं जुनी माणसं सांगतात तेव्हा त्यांनी काय पाहिलं असेल याचा अंदाज तिथे उभं राहिल्यावर येतो. भुताऐवजी बुरशी निघाली म्हणून त्या रात्रीचं नवल कमी होत नाही.

आता सगळ्यात जड गोष्ट: झाड तोडणारा वाचत नाही.

याचा एक भाग साधा आहे. जुनं झाड तोडणं हे धोक्याचंच काम असतं. बाहेरून भरभक्कम दिसणारा बुंधा आतून पोकळ असतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूला पडेल हे अनुभवी तोड्यालाही सांगता येत नाही. उंच वडा-पिंपळांवर आग्या मोहोळ असतं, कधी एकाच झाडावर कितीतरी पोळी. कुऱ्हाडीचा किंवा करवतीचा हादरा बसला की ती उठतात आणि वीस-पंचवीस फुटांवर दोरीने बांधलेल्या माणसाला पळायला जागा नसते. ढोलीत साप असतात. ज्या काळात हेल्मेट नव्हतं, दवाखाना तालुक्याला होता, त्या काळात अशा कामात माणसं मरत होती आणि गाव ते विसरत नव्हतं.

दुसरा भाग हिशोबाचा आहे. भारतात वर्षाला दर हजार लोकांमागे साधारण सहा ते सात मृत्यू होतात. दीड हजार वस्तीच्या गावात म्हणजे दरवर्षी नऊ-दहा. ज्या घराने पिंपळ तोडला त्या घरचे सख्खे, चुलत, सोयरे, भावकी आणि कामावर आलेले मजूर धरा. त्यांच्यापैकी कोणीतरी वर्षभरात जाण्याची शक्यता कितीतरी मोठी आहे. पिंपळ तोडला नसता तरीही तो मृत्यू झाला असता, पण तेव्हा त्याला ‘दम्याने गेले’ म्हटलं असतं. आणि झाडं तोडून काहीच झालं नाही अशी घरं असतात त्यांची गोष्ट कोणी सांगत बसत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूच्या आठवणी जमत गेल्या की पुरावा भक्कम वाटायला लागतो.

मात्र काही ठिकाणी जुन्या भीतीत नेमकी माहिती आहे. बिब्ब्याच्या झाडाखाली जाऊ नये, अंग सुजतं, असं रानातली माणसं सांगतात आणि ते बरोबर आहे. बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात, काहींना फार थोड्या संपर्कानेही. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाण्याचं भय असतं. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्निन हे जहाल विष असतं. या झाडांची भीती मुलांना जरूर शिकवावी, कारणासकट.

विजेच्या बाबतीत मात्र आपली भीती चुकीच्या वेळी येते. माळावर एकटं उभं असलेलं उंच झाड वीज ओढून घेतं. आतल्या रसाची क्षणात वाफ होते आणि साल उभी फाटते. त्या झाडाला लोक शापित ठरवतात आणि अमावास्येला टाळतात. पण मे-जूनच्या वळवात, ढग गडगडत असताना, शेतातली माणसं त्याच्याच किंवा शेजारच्या झाडाखाली आडोशाला उभी राहतात. विजेचा झोत बुंध्यावरून उडी मारून माणसाला गाठतो, जमिनीतूनही पसरतो. मराठवाड्यात आणि विदर्भात अशी माणसं दरवर्षी जातात. झाडाखाली थांबू नये अशी एकच वेळ मला पक्की सांगता येते, आणि ती गडगडाटाची आहे. पक्कं घर किंवा बंद गाडी जवळ असेल तर तिकडे जावं.

भुताच्या भीतीमुळे झाडं वाचली, हे म्हणणं आपण खूप ऐकतो आणि त्यात तथ्य आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, नेली तर देव शिक्षा करतो, या धाकाने आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवराईतली झाडं टिकलेली होती. पण धाकाची ही राखण कच्ची आहे. रस्तारुंदीचा ठेका घेतलेली बाहेरची माणसं मुंजाला ओळखत नाहीत. देवाला मोठं सिमेंटचं देऊळ हवं असं गावानेच ठरवलं तर देवाच्या नावानेच देवराईतली झाडं जातात. पिंपळाचा जुना दगडी पार काढून बुंध्यापर्यंत घट्ट काँक्रीट ओतलं की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि पूजा चालू असतानाच झाड वाळायला लागतं. करणी उतरवण्यासाठी खिळ्याने ठोकलेलं लिंबू आणि काळी बाहुली झाडाला त्या जागेपुरती जखम करतात. बुंध्याभोवती आवळलेली तार जास्त वाईट. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं, आणि तार सालीत रुतत गेली की तीच वाट बंद होते. शहरात राहणाऱ्यांना धाकापेक्षा कायद्याचा आधार जास्त उपयोगी पडेल. 1975 चा झाडांचं संरक्षण करणारा अधिनियम राज्याच्या नागरी भागांना लागू आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळा दर्जा आहे.

झाडाच्या भीतीची किंमत माणसांनीही मोजली आहे, आणि त्याबद्दल मी गप्प बसू शकत नाही. एखादी सून नीट झोपत नाही, एकटीच बोलते, जेवण टाकते. घरचे ठरवतात की तिला पिंपळाखालचं काहीतरी लागलं. मग देवऋषी येतो. केस धरून ओढणं, मिरचीची धुरी, वेताच्या छड्या. तिला कदाचित बाळंतपणानंतरचं नैराश्य असतं, ज्याला उपचार आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला तो त्यांच्या हत्येनंतर, 2013 साली झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. पिंपळाला प्रदक्षिणा घालणं, मुंजोबाला दहीभात ठेवणं याला हा कायदा हात लावत नाही. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते, आणि गुन्हा दखलपात्र असल्यामुळे पोलिसांना कारवाईसाठी न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. घरात कोणाची अशी अवस्था असेल आणि डॉक्टर कुठे गाठायचा हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.